बंदुकीवरचे पितळ घासण्याआधी

बदलापूर गावातल्या जुन्या घराचा माळा उतरवताना, अंबरनाथमध्ये आजोबांची ट्रंक उघडताना, उल्हासनगरच्या कॅम्पातले बराकीचे घर बिल्डरला देण्याआधी आवराआवर करताना कधीतरी एखादी लांब नळीची बंदूक हाती लागते. लाकूड काळवंडलेले असते, नळी तपकिरी पडलेली असते, आणि कुंद्यावर, चापाभोवती, नळी आवळणाऱ्या पट्ट्यांवर पितळेचे, चांदीचे, क्वचित सोन्याचे काम दिसते. घरातले कोणीतरी लगेच म्हणते, ‘जरा घासून तर बघू.’ मग लिंबू येते, चिंच येते, तारेची घासणी येते, आणि दीडदोनशे वर्षे टिकलेली कलाकुसर एका दुपारात पुसली जाते.

हा लेख त्या दुपारच्या आधी वाचण्यासाठी लिहिला आहे. अशा बंदुकीवरचे धातुकाम हाच तिचा दाखला असतो. ती कुठली, कोणत्या घडणीची, कोणाकोणाकडे फिरली, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेक घरांत उरलेला नसतो. म्हणून आधी पाहायचे, मग मोजून लिहून ठेवायचे. साफसफाईचा विचार सगळ्यात शेवटी.

पण पाहण्याच्याही आधी जिवाची काळजी. ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे धरून चाला. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, अशी तिची रचना. भरलेली बंदूक न उडवता कोणी तशीच ठेवून दिली असेल तर बाहेरून काही कळत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीचे तोंड कोणाकडे रोखू नका, आत डोकावू नका, घोडा ओढून ‘चालतो का’ हे पाहू नका. बांबूची सरळ, बारीक काठी नळीत हळूच सोडा. ती जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, आणि मग तीच काठी बाहेरून नळीलगत धरा. टोक कान्यापर्यंत, म्हणजे रंजकाच्या भोकापर्यंत पोचले, तर नळी बहुधा रिकामी आहे. दोनचार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. कदाचित कुंभारमाशीने केलेले मातीचे घर असेल, कदाचित दारू असेल. सळईने उकरू नका, नळी तापवू नका. बंदूक आहे तशी आडवी ठेवून मुलांना दूर करा आणि पोलिस ठाण्याला कळवा.

कायदाही इथेच समजून घेतलेला बरा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलिस आयुक्तालयात येतात; शस्त्र परवान्याचे काम तिथूनच चालते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येण्याजोगे नसेल, तर परवान्याची अट त्याला लागू होत नाही. घोडा तुटला किंवा चाप अडकला एवढ्याने बंदूक या सवलतीत बसत नाही, कारण दुरुस्तीनंतर ती उडू शकते. हा निर्णय घरी बसून घ्यायचा नसतो. बंदूक सापडल्याचे लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. कोकणपट्टीत शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकांना परवाने दिले जात आले आहेत. तुमच्या घरातली बंदूक त्यातली असेल आणि परवानाधारक वारले असतील, तर वारसांनी ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाहक्काचा अर्ज करायचा असतो. तलवार, कट्यार निघाली तरी चौकशी करा, कारण ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांवरही निर्बंध आहेत. शिवाय १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती परदेशी पाठवणे गुन्हा आहे, मग ती परदेशातल्या सख्ख्या भावाला भेट म्हणून का पाठवलेली असेना.

आता मुख्य काम, म्हणजे पाहणे.

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळच्या टेबलावर मऊ धुतलेली चादर अंथरा आणि बंदूक तिच्यावर ठेवा. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. घामातले मीठ पोलादावर बोटांचे ठसे उठवते आणि ते पुढे गंजतात. समोरून पडणाऱ्या उजेडात नक्षी सपाट दिसते. टॉर्च बाजूला, अगदी आडवा धरला की उथळ रेघाही सावली टाकतात. दहापट भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा.

आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकीवर कारागिराने हात चालवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नळीचा मागचा, काना असलेला जाड भाग ही सर्वांत मानाची जागा. मग नळीचे तोंड, जे कधी फुलासारखे उमलते तर कधी वाघाच्या जबड्याचा आकार घेते. मग नेम धरण्याची मागची दिदबान, रंजकाची वाटी आणि तिचे झाकण. कुंद्याच्या दोन्ही अंगांना लांब धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये तोडा पुढे नेणारी यंत्रणा लपलेली असते. या पट्ट्यांवर वेलबुट्टी हमखास सापडते. नळी कुंद्याला बांधणारे वेढे कधी कातडी वादीचे असतात, कधी पितळेच्या किंवा चांदीच्या पत्र्याचे. शेवटी कुंद्याचे टोक. या प्रत्येक जागेचा वेगळा फोटो हवा. एकच लांबचा फोटो काढून ठेवला तर त्यातून जाणकाराला काहीच सांगता येत नाही.

सोन्याचांदीचे काम दिसले तर ते कसे बसवले आहे हे पाहा, कारण त्यावरून कारागिराची परंपरा कळते. कोफ्तगरीत पोलादाचा पृष्ठभाग धारदार पात्याने उभ्या, आडव्या, तिरक्या बारीक रेघा मारून खरबरीत करतात. त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीबरहुकूम मांडून हलक्या हातोडीने बसवतात, पोलाद तापवून निळेकाळे करतात आणि अकीकाच्या मोहऱ्याने घोटून चमक आणतात. तहनिशान कामात पोलादात खरोखरीचा चर कोरलेला असतो आणि त्यात जाड तार ठोकलेली असते. मुलामा म्हणजे पाऱ्यात कालवलेले सोने फासून भट्टीच्या आचेवर पारा उडवून लावणे. तिन्ही वरवर सारखेच दिसतात. फरक कळतो झिजलेल्या जागी. भिंगाखाली बारीक जाळी दिसली तर कोफ्तगरी. रिकामा चर दिसला तर तहनिशान. खाली गुळगुळीत धातू आणि सोने फक्त खाचाखोचांत उरलेले दिसले तर मुलामा.

यातली कोफ्तगरी सर्वांत नाजूक. सोने गेले तरी ती जाळी मागे उरते आणि इथे कधीकाळी फूल होते, इथे अक्षर होते, हे तिच्यावरून वाचता येते. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की तीही जाते. त्यानंतर कोणत्याही तज्ज्ञाकडे नेले तरी तो साध्या लोखंडाकडे पाहत राहतो. या कलेचे जिवंत काम पाहायचे असेल तर उदयपूरला पाहता येते; तिथल्या कोफ्तगरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पितळेच्या कामाची पारख वेगळी. ओतारी कारागिराने ओतलेला भाग जाड असतो, त्याच्या आतल्या बाजूला वाळूच्या साच्याचे खडबडीत कण दिसतात. पत्र्यातून कापलेला भाग सारख्या जाडीचा असतो आणि कडेला कानशीच्या खुणा असतात. जाळीकाम असेल तर भोकांच्या आतल्या कडा पाहा. हाताच्या कानशीने केलेली दोन भोके कधीच एकसारखी नसतात.

इथे अंबरनाथकरांना मी मुद्दाम हाक मारतो. या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५० च्या दशकापासून आहेत, आणि एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेली माणसे जवळजवळ प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांच्या नजरेला जे दिसते ते इतिहासाच्या प्राध्यापकाला दिसणार नाही. स्क्रूचे आटे हाताने पाडलेले आहेत की यंत्रावर, डोक्याची खाच मधोमध आहे की सरकलेली, दोन आट्यांतले अंतर सारखे आहे का, भोक ड्रिलने पाडले आहे की सामत्याने, हे ते क्षणात सांगतील. घरात व्हर्निअर असेल तर तो याच कामाचा. जुन्या बंदुकीत एखादाच स्क्रू यंत्रावरचा निघाला तर तो नंतरच्या दुरुस्तीतला आहे. तसे लिहून ठेवा, बदलू नका. मात्र याच माणसांना एक विनंती, आणि ती कळकळीची आहे: ‘नवा घोडा लेथवर काढून देतो’ असे म्हणू नका. बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि नवा भाग बसला की जुन्या यंत्रणेचा पुरावा संपतो.

अक्षरे आणि ठसे शोधताना घाई नको. पुष्कळदा अक्षरे कोरलेली नसतात, टोच्याने ठिपके मारून काढलेली असतात, आणि साफ करणाऱ्याला ते ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे वाटतात. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या अनेक हत्यारांवर अशीच ठिपक्यांची देवनागरी आहे. महाराजा अनुपसिंहाने १६८९ मध्ये आदोनी घेतल्यावर लुटीत आलेल्या शस्त्रांची नोंद त्या ठिपक्यांनी जपली. आज जगभरच्या संग्रहालयांत ती हत्यारे त्या ठिपक्यांवरूनच ओळखली जातात.

गारेच्या ठिणगीने उडणाऱ्या चकमकीच्या किंवा स्फोटक टोपीच्या बंदुकीवर घोड्याची पाटी असते, तीही वाचा. चार भाग केलेले हृदय आणि त्यात रोमन अक्षरे असतील तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा जुना शिक्का. मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह असेल तर १८०८ च्या सुमारानंतरचा. आपल्या घरातली ‘पेशवाईतली बंदूक’ कंपनीच्या सिंहाची निघाली म्हणून खट्टू होऊ नका. मराठ्यांच्या फौजांत देशी तोड्याच्या बंदुकांबरोबर इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज बंदुका सर्रास होत्या. सिंहाचे अंग बेढब, अक्षरे उलटी किंवा चुकलेली असतील तर मात्र ती सरहद्द प्रांतात केलेली नक्कल असू शकते.

उल्हासनगरकरांसाठी वेगळा परिच्छेद लिहायला हवा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. जीव वाचवून आलेल्या माणसांनी शस्त्रे आणली असतील असे नाही. पण नंतर नातलगांकडून, बाजारातून, संस्थानिकांच्या विक्रीतून अशा वस्तू घरोघरी आल्या असू शकतात, आणि सिंधी बंदूक ओळखायला सोपी आहे. तिचा कुंदा बारीक आणि खोल वाकलेला असतो, टोकाला एकदम रुंद होतो. तालपूर मीरांच्या काळात, म्हणजे १७८३ पासून १८४३ च्या मियाणीच्या लढाईपर्यंत, सिंधमध्ये या बंदुकांवर सोन्याच्या कोफ्तगरीचे आणि मिनाकारीचे अप्रतिम काम झाले. सिंधी कारागीर इराणी किंवा युरोपी नळी घेत, तिला इंग्रजी चकमक जोडत आणि वरचे सगळे दागिने आपल्या हाताने घडवत. अशा बंदुकीचे सुटे भाग ‘मूळचे नाहीत’ म्हणून काढून टाकणे हा अडाणीपणा ठरेल. ती जोडणी हेच तिचे मूळ रूप आहे.

हेच अटलांटिकच्या पलीकडे घडत होते, आणि तिथल्या लोकांनी पुढे काय केले हे आपण समजून घेण्यासारखे आहे. अठराव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर, लेबनन, यॉर्क या भागांत जर्मन बोलणारे बंदूककार स्थायिक झाले. त्यांनी मायदेशातली आखूड शिकारी बंदूक लांबवली, नळीच्या आत पीळदार आटे ठेवले आणि नक्षीदार रेषांच्या मेपल लाकडाचा सडपातळ कुंदा केला. हीच लाँगरायफल, नंतर केंटकी रायफल म्हणून गाजलेली. गोळी तुपकट चिंधीत गुंडाळून ठासायची असल्याने चिंधी ठेवायला कुंद्याच्या उजव्या अंगाला एक कप्पा असे. सुरुवातीला त्याला लाकडी सरकते झाकण होते. मग पितळेचे बिजागरीचे झाकण आले आणि त्या झाकणाभोवती कारागिरांची कल्पकता फुलली. स्वातंत्र्ययुद्ध १७८३ मध्ये संपल्यावर पुढची तीसचाळीस वर्षे या कामाचा बहर होता. लँकेस्टरच्या झाकणाच्या टोकाला डेझीचे फूल, इतर परगण्यांत पक्षी किंवा वेलीचे वळण. कुंद्यावर गाल टेकतो तिथे चांदीची आठ टोकांची चांदणी, कुठे चंद्रकोर, कुठे मासा. चकमक मात्र पुष्कळदा इंग्लंडहून मागवलेली.

लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४० ते १८२२) नळीवर आपले नाव कोरत असे. पण हजारो बंदुका निनावीच आहेत. तरीही अमेरिकेतला जाणकार झाकणाचा आकार, चापाच्या कडीचे वळण, कोरीव रेघेची खोली पाहून ‘हे लेबननचे काम, बहुधा अमक्याच्या कारखान्यातले’ असे सांगू शकतो. हे आपोआप झाले नाही. हौशी संग्राहकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक झाकणाची मापे घेतली, रेखाटने केली, फोटो जमवले, चर्चच्या नोंदी आणि करवसुलीच्या याद्या चाळल्या. जो किंडिग यांचा १९६० चा जाडजूड ग्रंथ अशाच चिकाटीतून उभा राहिला.

या चिकाटीची किंमत एका प्रसंगातून कळते. क्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन पंथीयांच्या वसाहतीतल्या क्रिश्चन ओर्टर या बंदूककाराने केलेली, १७७५ साल कोरलेली एक रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्ज इथल्या संग्रहालयातून चोरीला गेली. जवळजवळ अर्धे शतक तिचा पत्ता नव्हता. २०१८ मध्ये एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती नक्कल समजून विकत घेतली. नीट निरखल्यावर त्याला शंका आली, नाव, साल आणि काम जुळले, आणि रायफल परत मिळाली. मधल्या काळात कोणी तिची नळी घासून गुळगुळीत केली असती तर ओर्टरचे नाव आणि ती रायफल, दोन्ही गेली असती.

आणि आपल्याकडे? १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सो द आल्बुकर्क याने तिथले बंदूककाम बोहेमियाच्या तोडीचे असल्याचे आपल्या राजाला कळवले होते. ते काम करणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही. महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी, म्हणजे कवायती पलटणींसाठी, आग्र्याला तोफा ओतणाऱ्या आणि बंदुका करवून घेणाऱ्या सँगस्टर या स्कॉटिश माणसाचे नाव पुस्तकांत आहे. त्याच्या हाताखालचे लोहार, ओतारी, सुतार पुस्तकांत नाहीत. महाराष्ट्रात शस्त्रांना धार लावून झळाळी देणारे शिकलगार, म्यान आणि खोगिराबरोबर धातूचेही काम करणारे जिनगर, तांबट, घिसाडी हे समाज अजून आपल्यात आहेत, पण त्यांच्या पूर्वजांच्या कामावर त्यांची नावे लावून दाखवणारी नोंद जवळजवळ नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद झाले आणि यंत्रावरच्या विलायती मालापुढे हा धंदा आटला. उरला तो माल घरांच्या माळ्यांवर आहे. म्हणून तुमच्या घरातली एक साधी पितळी पट्टीसुद्धा मला महत्त्वाची वाटते. तिचे माप आणि फोटो दुसऱ्या घरातल्या पट्टीशी कधीतरी जुळेल, आणि एका कारागिराचा किंवा एका गावाचा हात त्यातून ओळखू येईल.

बाजारातल्या मालाबद्दल दोन शब्द. शोभेसाठी केलेल्या नव्या बंदुका ‘खानदानी’ म्हणून विकल्या जातात. नळीला कान्यापर्यंत भोकच नसणे, सर्व पट्ट्यांवर एकच नक्षी छापल्यासारखी असणे, सगळीकडे सारखाच गंज असणे, या ढोबळ खुणा. खरी जुनी वस्तू हाताच्या पकडीजवळ जास्त झिजते, खाचेत कमी. आणि कुंद्यावर मोठ्या अक्षरांत एखाद्या छत्रपतींचे किंवा सरदाराचे नाव आणि साल कोरलेले दिसले तर पैसे काढण्याआधी थांबा. अशी ठसठशीत अक्षरे गिऱ्हाईक समोर ठेवूनच कोरलेली असतात.

आता निगा. पितळेवरचा तपकिरी थर हे संरक्षक कवच आहे, तो राहू द्या. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो या गोष्टी समई आणि तांब्यासाठी ठीक; कोरीव पितळेवर त्या रेघांच्या कडा बोथट करतात आणि लाकूड-धातूच्या फटीत पांढरी पूड कायमची अडकून राहते. उल्हासनगरात बफिंग करून निकेल चढवून देणारी दुकाने पावलोपावली आहेत आणि ती आपले काम चोख करतात. मात्र तिथून आलेली जुनी बंदूक लग्नाच्या हॉलमधल्या सजावटीसारखी दिसते आणि तिचा सगळा दाखला चाकाखाली गेलेला असतो. कुंद्याला लाखेचे पॉलिश किंवा तेलही नको. तेलाने लाकूड काळे पडते आणि मऊ होते.

मग करायचे काय? मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. गंज हात लावताच नारिंगी भुकटी सोडत असेल तर तो वाढता गंज. काळपट तपकिरी आणि घट्ट असेल तर तो थांबलेला. वाढता गंज सोन्याचांदीच्या कामाजवळ असेल तर स्वतः काही करू नका, संवर्धकाकडे न्या. साध्या लोखंडी भागावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात देऊन सुती कपड्याने पुसले तरी पावसाळा निभावतो. हे मेण संवर्धनाच्या सामानात मिळते. मोटारीचे पॉलिश त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात घासणारी पूड असते.

आपल्या भागाची हवा हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, आणि उल्हास नदीचे पाणी किती वर चढते हे बदलापूरने २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये पाहिले आहे. तळमजल्यावर, पलंगाखाली अशी वस्तू ठेवू नका. एमआयडीसीच्या रसायनांच्या वासाची हवा येत असेल तर चांदीचे काम उघड्यावर लवकर काळवंडते. रबरबँड, लोकर, ताजा रंग दिलेले कपाट, नवे प्लायवूड यांतूनही धातूला बाधणारी वाफ सुटते. धुतलेल्या, बिनरंगी मांजरपाटात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दूर, उंचावर ठेवा. पुड्या दर महिन्याला तपासा. भिंतीवर टांगायची असेल तर कुंद्यात खिळा न मारता कापड लावलेल्या दोन लाकडी खुंट्यांवर आडवी ठेवा. तलवार असेल तर ती म्यानात ठेवू नका; चामडे आणि लाकूड ओल धरून ठेवतात.

खंडेनवमीचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पूजा जरूर करा. ओल्या बोटाने थेट धातूवर हळदकुंकू लावले की त्यातली ओल कोफ्तगरीच्या जाळीत शिरते, आणि कुंकवाचा डाग लाकडातून निघत नाही. शस्त्राखाली स्वच्छ कोरडा पाट आणि कापड ठेवा, समोर विड्याचे पान ठेवून हळदकुंकू त्याच्यावर वाहा. झेंडूचा हार शस्त्राला न घालता पाटाभोवती मांडा. नारळ दूर फोडा. ज्या आजोबांनी ती बंदूक जपली त्यांना यात काही उणे वाटणार नाही.

नोंदीसाठी एक जाड कार्ड पुरे. एकूण लांबी, नळीची लांबी, नळीच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, वजन. कुठल्या जागी कुठला धातू, कोणत्या पद्धतीने बसवलेला. अक्षरे जशी दिसतात तशी, न सुधारता. मागे घरातली गोष्ट: कोणाकडून आली, कोणत्या गावाहून, आणि हे कोणी सांगितले. आजी सांगते त्यात अतिशयोक्ती असेल, तरी तिच्या शब्दांत आणि तिच्या नावानिशी लिहा. पडताळणी पुढचा माणूस करील. फोटो तिरक्या उजेडात, प्रत्येकात मोजपट्टी ठेवून. ठसा घ्यायचा मोह झाला तर फक्त खोल कोरलेल्या भक्कम पितळेवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा. कोफ्तगरीवर कधीही नाही.

नजर तयार करायला मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सर्वांत जवळ. बदलापूरहून सीएसएमटी लोकल धरली की पुढे काळा घोड्यापर्यंत चालत जाता येते. तिथे टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली शस्त्रे आहेत, अकबराचे सोन्याचे काम असलेले चिलखत आहे, आणि कला संवर्धन केंद्रही आहे, जिथे काय करावे हे विचारता येते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय हीही पाहावीत. बंदूक घेऊन थेट निघू नका. परवान्याचा प्रश्न सुटलेला नसताना ती लोकलमधून नेणे हा गुन्हा ठरू शकतो. फोटो आणि कार्ड घेऊन जा. तज्ज्ञाला सुरुवातीला तेवढेच लागते.

कार्डाच्या दोन प्रती करा. एक वस्तूजवळ मांजरपाटात ठेवा आणि दुसरी घरातल्या सर्वांत तरुण माणसाच्या हाती द्या.